दूरचित्रवाणी संच आणि रेडिओतील शिट्टी

एकाच घरात, एकाच विजेच्या जोडणीवर चालणारी दोन उपकरणे परस्परांना त्रास देऊ शकतात, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. दूरचित्रवाणी संच हा चित्र व ध्वनी ग्रहण करणारा, म्हणजे केवळ घेणारा संच आहे, अशीच आपली समजूत असते. वस्तुस्थिती मात्र थोडी निराळी आहे. हा संच ग्रहण करता करता स्वतःही लहरी बाहेर टाकीत असतो आणि त्या लहरी शेजारच्या रेडिओत शिट्टी, घरघर किंवा खरखर या रूपाने प्रकट होतात. शास्त्रीय परिभाषेत यास रेडिओ व्यत्यय असे म्हणतात. हा व्यत्यय कसा निर्माण होतो, त्याचे परिणाम कोठवर पोचतात आणि त्याचे निवारण कसे करता येते, याची माहिती ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांना उपयोगी पडावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

एका आळीतील प्रसंग

प्रस्तुत लेखकाच्या बालपणी, १९८७-८८च्या सुमारास, कृष्णाकाठच्या आमच्या गावातील आळीत एकाच घरी दूरचित्रवाणी संच होता. त्या घराला भिंत लागून असलेल्या घरात एक वृद्ध शेतकरी राहत. सगळी आळी त्यांना अण्णा म्हणे. सायंकाळी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरून हळद-गुळाचे भाव आणि पावसापाण्याची बातमी ऐकणे हा अण्णांचा नेम होता. शेजारी संच आला आणि अण्णांच्या रेडिओत ऐन बाजारभावाच्या वेळी बारीक शिट्टी वाजू लागली. रेडिओ दोनदा दुरुस्तीला गेला. दुकानात तो उत्तम बोले आणि घरी आणताच पुन्हा शिट्टी घाली. शेजारी मुद्दाम काहीतरी करीत आहेत, असा अण्णांचा ग्रह झाला आणि दोन्ही घरांचे बोलणे बंद पडले.

हा तिढा शाळेतील विज्ञानाच्या गुरुजींनी सोडविला. ते सायंकाळी अण्णांकडे जाऊन बसले आणि शेजाऱ्यांना संच एक मिनिट बंद करण्याची विनंती त्यांनी केली. संच बंद होताच शिट्टी थांबली. सुरू होताच पुन्हा आली. हे तीन वेळा करून दाखविल्यावर दोष कोणाच्या मनात नसून यंत्रात आहे, हे दोन्ही घरांस पटले. गुरुजींनी पुढे काय उपाय केला, ते लेखाच्या अखेरीस येईल. तत्पूर्वी त्या शिट्टीचे मूळ पाहू.

शिट्टीचे गणित

जुन्या काचेच्या चित्रनलिकेच्या संचात पडद्यावरील चित्र एकदम उमटत नाही. इलेक्ट्रॉनांची एक शलाका डावीकडून उजवीकडे एक ओळ रेखाटते, झटकन डावीकडे परतते आणि दुसरी ओळ सुरू करते. भारताने स्वीकारलेल्या पद्धतीत एका पूर्ण चित्रासाठी ६२५ ओळी योजल्या होत्या आणि दर सेकंदास २५ चित्रे दाखविली जात. या दोन संख्यांचा गुणाकार १५,६२५ होतो. म्हणजेच शलाका सेकंदाला १५,६२५ वेळा उजवीकडे जाते व तितक्याच वेळा परत येते. एका फेरीस ६४ मायक्रोसेकंद लागतात आणि त्यांपैकी परतीच्या प्रवासाच्या वाट्याला जेमतेम १२ मायक्रोसेकंद येतात.

कार्यालयातील टंकलेखन यंत्र ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे सहज समजेल. त्याचा रूळ एकेका अक्षरागणिक सावकाश सरकतो आणि ओळ संपली की एका हिसक्यासरशी मूळ जागी आणला जातो. चित्रनलिकेच्या मानेभोवती बसविलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून वाहणारा प्रवाहही असाच सावकाश चढतो आणि हिसक्याने उतरतो. व्यत्ययाचे मूळ या हिसक्यात आहे.

संथ झोक्यासारख्या आंदोलनातून एकच कंप्रता निघते. पत्र्याच्या डब्यावर काठीचा टोला मारला असता मात्र त्यातून एकाच वेळी अनेक स्वर उमटतात. विद्युत्प्रवाहाचेही तसेच आहे. तो जितक्या झटक्याने बदलतो, तितक्या अधिक वरच्या कंप्रता त्यातून निर्माण होतात. १५,६२५ या मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, पन्नासपट, ऐंशीपट अशा कंप्रतांच्या लहरी संचातून बाहेर पडतात. पट वाढत जाईल तसतशी त्यांची ताकद घटते. तथापि खोलीतील रेडिओला त्या ऐकू येतील इतक्या त्या निश्चित बलवान असतात.

आता मध्यमलहरींचा पट्टा घ्या. तो सुमारे ५३० ते १,६०० किलोहर्ट्‌झपर्यंत पसरलेला आहे. संचाच्या कंप्रतेच्या पटी या पट्ट्यात दर १५.६२५ किलोहर्ट्‌झ अंतरावर, शेताच्या बांधावर रोवलेल्या खुंट्यांप्रमाणे, ओळीने उभ्या असतात. ऐंशीवी पट बरोबर १,२५० किलोहर्ट्‌झवर येते. सांगली केंद्राची मध्यमलहर १,२५१ किलोहर्ट्‌झची होती. दोहोंतील फरक अवघा १ किलोहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला १,००० कंपने.

दोन तंबोऱ्यांच्या तारा किंचित विजोड लागल्या की त्यांच्या मिश्र नादात एक हेलकावा ऐकू येतो. त्या हेलकाव्याचा वेग दोन्ही तारांच्या कंप्रतांतील फरकाइतका असतो. रेडिओच्या अंतरंगात केंद्राची लहर व संचाची लहर एकत्र आल्या म्हणजे असाच प्रकार घडतो. येथे हेलकावा सेकंदाला १,००० वेळा होत असल्याने तो कानाला स्पष्ट शिट्टीसारखा ऐकू येतो. अण्णांना ऐकू येणारी शिट्टी ती हीच.

मुंबईच्या १,०४४ किलोहर्ट्‌झच्या केंद्राजवळ सदुसष्टावी पट १,०४६.८७५ किलोहर्ट्‌झवर येते. फरक २,८७५ कंपनांचा असल्याने तेथे शिट्टी अधिक बारीक होते. पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्‌झला सर्वांत जवळची पट एक्कावन्नावी असून ती ७९६.८७५ वर आहे. फरक जवळजवळ ५ किलोहर्ट्‌झचा असल्याने साध्या रेडिओत ही शिट्टी बरीच मंद होते. एकाच संचाशेजारी एक केंद्र खराब व दुसरे बऱ्यापैकी का ऐकू येते, याचा उलगडा या साध्या गुणाकारातून होतो. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण फळ्यावर अवश्य सोडवावयास द्यावे.

व्यत्ययाच्या अन्य वाटा

ओळी रेखाटणारे मंडल हा व्यत्ययाचा प्रमुख उगम असला, तरी तो एकटाच नव्हे.

प्रत्येक संचात इष्ट वाहिनी निवडण्यासाठी एक लहानसा आंदोलक असतो. ६२.२५ मेगाहर्ट्‌झची चित्रलहर ग्रहण करावयाची असल्यास हा आंदोलक त्याहून ३८.९ मेगाहर्ट्‌झने वर, म्हणजे १०१.१५ मेगाहर्ट्‌झवर चालतो. ही कंप्रता थेट एफएम नभोवाणीच्या पट्ट्यात येते. आंदोलकाभोवतीचे धातूचे कवच सैल झाले असेल, तर ही लहर एरियलवाटे बाहेर झिरपते आणि संचच एक चिमुकले प्रक्षेपण केंद्र बनतो.

तिसरी वाट वीजपुरवठ्याची. जड लोखंडी रोहित्राऐवजी प्रवाहाची वेगाने उघडझाप करून हवा तो विद्युत्दाब मिळविण्याची पद्धत पुढे संचांत रूढ झाली. तिने विजेची बचत होते व वजन घटते. पण सेकंदाला हजारो वेळा होणाऱ्या या उघडझापीतूनही वर सांगितल्याप्रमाणे असंख्य पटींच्या लहरी निर्माण होतात. त्यांतील काही घरातील वीजतारांवरून प्रवास करतात. त्यामुळे संच एका खोलीत आणि खरखर पलीकडच्या घरात, असाही अनुभव येतो.

चौथी वाट उच्च दाबाची. रंगीत चित्रनलिकेस सुमारे २५,००० व्होल्ट इतका दाब लागतो. धूळ व दमट हवा यांमुळे, विशेषतः कोकणपट्टीत, या भागातून सूक्ष्म ठिणग्या झडू लागतात व रेडिओत तडतड ऐकू येते. अखेरची वाट खुद्द चित्राची आहे. पडद्यावरील दृश्य बदलले की रेडिओतील घरघरही बदलते. ती तशी बदलत असेल, तर उगम दूरचित्रवाणी संच आहे असे खुशाल समजावे.

इतिहासाचे दाखले

संचातून लहरी बाहेर पडतात, ही गोष्ट अभियंत्यांना प्रारंभापासून ठाऊक होती. ब्रिटनमध्ये तिचा उपयोगही करून घेण्यात आला. तेथे दूरचित्रवाणीसाठी परवाना आवश्यक होता. विनापरवाना संच शोधण्यासाठी १९५२ मध्ये टपाल खात्याने खास मोटारी रस्त्यावर आणल्या. ओळी रेखाटणाऱ्या मंडलाचे चुंबकीय क्षेत्र टिपून कोणत्या घरात संच चालू आहे, याचा माग या मोटारी काढीत.

याचे दुसरे टोक १९८५ मध्ये दिसून आले. विम व्हॅन एक या डच अभियंत्याने असे दाखवून दिले की, संगणकाच्या पडद्यातून निसटणाऱ्या लहरी इमारतीबाहेर ग्रहण करून पडद्यावरील मजकूर साध्या दूरचित्रवाणी संचावर पुन्हा उमटविता येतो. गोपनीय कागदपत्रे हाताळणाऱ्या कार्यालयांस या प्रयोगाने सावध केले.

अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या कॉरव्हॅलिस गावी ऑक्टोबर २००४ मध्ये घडलेली घटना अधिक उद्बोधक आहे. एका विद्यार्थ्याच्या घरातील दूरचित्रवाणी संच बिघडून १२१.५ मेगाहर्ट्‌झवर लहरी सोडू लागला. ही कंप्रता विमाने व जहाजे यांच्या संकटसंदेशासाठी राखून ठेवलेली आहे. अंतराळातील उपग्रहाने तो संदेश टिपला आणि कोणी संकटात सापडले असावे, या समजुतीने शोधपथक त्या घराच्या दारी येऊन उभे राहिले. विद्यार्थ्यास संच बंद ठेवण्याचे फर्मान मिळाले. अन्यथा दिवसाला १०,००० डॉलर दंडाची तंबी होती. ज्या उपग्रहयोजनेने हा संदेश पकडला तिचे नाव कॉस्पास-सारसॅट. भारतही तिच्यात सहभागी असून बंगळूर व लखनौ येथे तिची भूकेंद्रे आहेत. खोट्या संदेशांचा उपद्रव टाळता यावा, हेही एक कारण ध्यानी घेऊन १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्‌झवरील संदेश टिपणे बंद केले व ४०६ मेगाहर्ट्‌झची सांकेतिक पद्धती कायम केली. खोट्या हाकेमागे धावणारे पथक खऱ्या हाकेला उशिरा पोचण्याची भीती असते. व्यत्ययाचा प्रश्न करमणुकीपुरता मर्यादित नाही, याचा हा पुरावा होय.

अगदी अलीकडे, सप्टेंबर २०२० मध्ये, वेल्समधील अबरहोसान या खेड्याची हकीकत प्रसिद्ध झाली. तेथे तब्बल १८ महिने रोज सकाळी सात वाजता साऱ्या गावाची इंटरनेट सेवा कोलमडत असे. तारा बदलूनही गुण येईना. अखेर अभियंत्यांनी लहरी मोजणारे उपकरण घेऊन पहाटे गावात पायी फेरी मारली. एका घरातील जुना दूरचित्रवाणी संच सात वाजता सुरू होई आणि त्यातून विद्युत् लहरींचा लोट बाहेर पडे, असे आढळून आले. घरमालकास ते कळताच अतिशय संकोच वाटला व तो संच पुन्हा न लावण्याचे त्याने मान्य केले. आमच्या आळीतील अण्णांच्या रेडिओची आणि या खेड्याची गोष्ट मुळात एकच आहे. त्रास देणाऱ्यास आपण त्रास देत आहोत याची दोन्हीकडे गंधवार्ता नव्हती.

नियम व व्यवस्था

निरनिराळ्या देशांनी उपकरणांच्या व्यत्ययाला समान मर्यादा घालाव्यात, यासाठी १९३४ मध्ये एक आंतरराष्ट्रीय विशेष समिती स्थापन झाली. तिला संक्षेपाने सिस्प्र म्हणतात. रेडिओ व दूरचित्रवाणी संचांपुरते तिचे तेरावे प्रकाशन १९७५ मध्ये निघाले आणि पुढे त्याची जागा २०१२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या बत्तिसाव्या प्रकाशनाने घेतली. युरोपीय राष्ट्रांनी १९८९ मध्ये याविषयी निर्देश काढला व १ जानेवारी १९९६ पासून तो तेथील उत्पादकांस बंधनकारक झाला. उपकरणाने इतरांस व्यत्यय आणू नये आणि इतरांचा माफक व्यत्यय स्वतः सोसावा, अशी दुहेरी अपेक्षा या निर्देशात होती.

भारतात कंप्रतांचे वाटप व नियमन पाहणारी बिनतारी नियोजन व समन्वय शाखा १९५२ मध्ये स्थापन झाली. तिच्या अखत्यारीतील संनियंत्रण केंद्रे देशात ठिकठिकाणी आहेत. पोलीस, विमानवाहतूक, नौकानयन अशा परवानाधारक सेवांना घातक व्यत्यय होत असल्यास त्याचा माग काढणे हे या यंत्रणेचे एक काम आहे.

आजची परिस्थिती

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपणास प्रारंभ झाला. त्यापूर्वी, १९५६ मध्ये, पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे स्थापून श्रवण व चर्चा यांचा एक महत्त्वाचा प्रयोग केला होता. रेडिओ व दूरचित्रवाणी ही दोन्ही माध्यमे अशा रीतीने खेड्याच्या चावडीपर्यंत पोचली. त्यानंतर काळ बदलला. काचेच्या चित्रनलिकेचे संच आता बाजारातून गेले. दूरदर्शनची जुन्या पद्धतीची भूप्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतांशी बंद झाली. मध्यमलहरींवरील अनेक केंद्रेही थांबली वा एफएमकडे वळली.

यामुळे प्रश्न संपला, असे मात्र कोणी मानू नये. सपाट पडद्याच्या संचांत ओळी रेखाटणारी शलाका नाही. परंतु वेगाने उघडझाप करणारा वीजपुरवठा आहे, पडद्यामागील दिव्यांचे मंडल आहे आणि संगणकासारखी चपळ मंडले आहेत. मध्यंतरी आलेले प्लाझ्मा संच तर लघुलहरींवरील हौशी रेडिओचालकांच्या विशेष तक्रारीचा विषय झाले होते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौर पंपांचे नियंत्रक या सर्वांत तोच उघडझापीचा वीजपुरवठा असतो. स्वस्तात विकण्यासाठी त्यातील गाळणीचे सुटे भाग गाळले, तर एकच दिवा अनेक घरांतील रेडिओ बिघडवू शकतो. पूर व वादळ यांच्या प्रसंगी मोबाइलचे मनोरे बंद पडतात, तेव्हा पेटीवर चालणारा साधा रेडिओ व पोलिसांची बिनतारी यंत्रणा हीच आधाराची साधने उरतात. त्यांची वाट मोकळी राखणे हा सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे.

शोध व निवारण

व्यत्ययाचा उगम शोधण्यास महागडे उपकरण लागतेच असे नाही. साधा ट्रान्झिस्टर पुरेसा आहे. शाळेत हा प्रयोग पुढीलप्रमाणे करता येईल.

१. पेटीवर चालणारा रेडिओ मध्यमलहरीवर, जेथे कोणतेही केंद्र नाही अशा जागी लावावा. मग तो चालू दूरचित्रवाणी संच, एलईडी दिवा व चार्जर यांच्याजवळ क्रमाने न्यावा. कोणाजवळ कसला आवाज येतो, याचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा.

२. संशयित उपकरण बंद-चालू करून पाहावे. एकदा आवाज थांबणे हा योगायोग असू शकतो. तीन वेळा थांबला तर निष्कर्ष काढावा.

३. रेडिओ जागच्या जागी सावकाश फिरवावा. त्याच्या आत फेराइटची एक कांडी असते व तीच मध्यमलहरीचा एरियल असते. विशिष्ट दिशेस आवाज अगदी मंद होतो. इष्ट केंद्र स्पष्ट आणि व्यत्यय मंद, अशी दिशा शोधून रेडिओ तसाच ठेवावा.

४. उपकरण व रेडिओ यांतील अंतर वाढवावे. उगमाच्या निकट चुंबकीय क्षेत्र फार झपाट्याने क्षीण होते. अंतर दुप्पट केले तर ते साधारणपणे एक-अष्टमांश उरते. चार पावले मागे सरकल्याने जे साधते, ते पुष्कळदा दुरुस्तीच्या खर्चानेही साधत नाही.

५. दोन्ही उपकरणे एकाच जोडफळीवर लावू नयेत. शक्य तेथे रेडिओ पेटीवर चालवावा. घराचे अर्थिंग जाणकार तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे.

६. खरेदी करताना मानक चिन्ह असलेलीच उपकरणे घ्यावीत. ग्रामपंचायतीने पथदिवे अथवा शाळेसाठी संच घेताना व्यत्ययाच्या मर्यादेची अट मागणीपत्रात नमूद करावी.

एक इशारा येथे दिला पाहिजे. जुन्या संचाची मागील बाजू कोणीही, विशेषतः विद्यार्थ्यांनी, उघडू नये. वीज बंद केल्यावरही चित्रनलिकेत घातक विद्युत्भार साठून राहतो.

आता गुरुजींच्या उपायाविषयी. त्यांनी काहीही खर्च करविला नाही. अण्णांचा रेडिओ सामाईक भिंतीवरील फळीवरून काढून समोरच्या ओसरीवर, खांबाशेजारी ठेवला आणि शिट्टी मंद होईपर्यंत फिरवून, त्याची जागा जमिनीवर खडूने आखून दिली. रेडिओ मुलांनी हलविला की अण्णा तो पुन्हा त्या खडूच्या रेघांत आणून ठेवीत. काही दिवसांनी शेजारच्या घरी बातम्या लागल्या म्हणजे ते अण्णांना बोलावू लागले आणि पावसाचा अंदाज ऐकावयास शेजारी अण्णांच्या ओसरीवर येऊन बसू लागले.